जप्त केलेल्या गाढवाचा जबाब

साहेब, माझ्या भल्यासाठी तुम्ही मला कोंडवाड्यात टाकलं, असं तुम्ही पेपरवाल्यांना सांगितलंत. हे साफ खोटं आहे. तुम्हाला राग आला होता, आणि रागावलेला माणूस हाताला जो लागेल त्याला धरतो. त्या दिवशी तुमच्या दारात माणसं ढीगभर होती, पण गळ्यात दावं असलेला मी एकटाच होतो. म्हणून तुम्ही मला धरलंत. भल्याबिल्याच्या गोष्टी तुम्हाला मागाहून सुचल्या.

मित्रांनो, मी एक म्हातारं गाढव आहे. एवढं वाचून तुमच्यातले निम्मे हसले असतील. हसून घ्या. तुमचं गणित चुकलं की मास्तर माझं नाव घेतात, घरी काचेचा ग्लास फुटला की आई माझं नाव घेते. मी आजवर कुणाचा ग्लास फोडलेला नाही. मी विटा वाहिल्या. ज्या शाळेत बसून तुम्ही हे वाचताय, तिच्या भिंतीतल्या चार विटा माझ्या पाठीवरून गेलेल्या असतील. म्हणून जरा नीट बसा आणि ऐका. मला गोड बोलता येत नाही, ते आधीच सांगतो.

माझा जन्म बिडकीनच्या बाजूला एका वीटभट्टीवर झाला. तिकडं नवे कारखाने उठत होते, रुंद रस्ते होत होते, कामगारांसाठी खोल्यांच्या रांगा बांधल्या जात होत्या, आणि खोली म्हटली की विटा आल्या. मी आईचं दूध पुरतं सोडलंही नव्हतं तेव्हा माझ्या पाठीवर गोणपाट पडलं. आपलं जनावर ओळखता यावं म्हणून मालकानं माझ्या डाव्या कानाचा शेंडा ब्लेडनं उडवला. मला नाव नव्हतं. हुर्र म्हटलं की चालायचं आणि काठी बसली की जोरात चालायचं, एवढीच माझी शाळा. विटांनी पाठीचं कातडं सोलून निघालं. जखमेवर माशा घोंगावायला लागल्या की मालक वर गाडीचं जळकं ऑइल चोपडायचा आणि त्याच दुपारी पुन्हा विटा लादायचा.

पावसाळ्यात भट्टी बंद असते. मग आम्हाला फुकट खायला कोण घालतो? मोकळं सोडून देतात, दिवाळी झाली की पुन्हा धरून आणतात. अशाच एका पावसाळ्यात मोठ्या रस्त्यावर एका गाडीनं मला उडवलं. मागचा पाय कामातून गेला. दिवाळीनंतर मालक आला. माझ्याकडं बघितलं, पायाकडं बघितलं, बाकीची गाढवं हाकली आणि चालता झाला. माझ्या पाठीचं कातडं काढणाऱ्या, कान कापणाऱ्या, मोडका पाय बघून निघून जाणाऱ्या त्या माणसावर कुणी गुन्हा दाखल केला नाही. साहेब, हे एवढं ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल.

त्या रस्त्यानं दीपमाला रोज कंपनीत नोकरीला जायची. येता-जाता मला बघायची. एक दिवस तिनं स्कूटर थांबवून मला पाणी पाजलं, दुसऱ्या दिवशी पोळी आणली, आणि एका रविवारी टेम्पोच घेऊन आली. चार माणसांनी मला उचलून आत घातलं. टेम्पो शहर ओलांडून फुलंब्रीच्या अंगाला निघाला आणि एका वावरात जाऊन थांबला. ते वावर दीपमालाच्या सासऱ्यांचं. त्यांचं नाव कारभारी. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. टेम्पोचं फाळकं उघडल्यावर मला पहिल्यांदा दिसले ते आबाच, कमरेवर हात ठेवून उभे.

"हे काय आणलंस?"

"गाढव आहे, आबा."

"ते दिसतंय मला. कामून आणलं, ते इचारतोय."

"रस्त्यावर मरत होतं."

"रस्त्यावर लई जण मरतेत. कुत्री आणली, मी काय बोललो नाय. बदकं आणली, बोललो नाय. आता कुणब्याच्या दारात गाढव? गाव तोंडात शेण घालंल माझ्या."

"बदकं आणली तेव्हाही तुम्ही हेच बोलला होता. आता त्यांना भाकरी चुरून कोण घालतं?"

"बदकांचं येगळं हाय. बदक अंडं देतं."

"आणि कुत्री?"

"कुत्री राखण करतेत."

"मग ह्यानंच काय घोडं मारलंय?"

 आबा टेम्पोजवळ आले, माझा पाय बघितला, पाठ बघितली. बराच वेळ बघितली. मग टेम्पोवाल्यावर खेकसले, "बघतो काय? हळू उतरीव. पाय मोडलाय त्याचा."

मित्रांनो, त्या वेळी आमच्या गावच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होते. तरुण होते, मोटारसायकलवर फिरायचे. त्यांनी माझ्या पायाला आधार बांधला, पाठीवरचं किडलेलं कातडं काढून टाकलं, सुया टोचल्या. मी त्यांना लाथ मारली तरी ते पुन्हा आले. पाय सरळ झाला नाही, पण टेकता यायला लागला. तीन पावलं बरी पडतात, चौथं खरडत येतं. आबांनी माझं नाव पैलवान ठेवलं. तेव्हा माझ्या बरगड्या लांबून दिसत होत्या, म्हणजे नावात कौतुक कमी आणि चेष्टाच जास्त. तरी नाव ते नाव.

आबांचे बैल कधीच विकले गेले होते. नांगरणीला आता ट्रॅक्टर येतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपानं मळायचे असतात, आणि आबांच्या घरी मळायला खांदाच नव्हता. त्या संध्याकाळी ते हळद-तुपाची वाटी घेऊन गोठ्यात नुसते इकडून तिकडं फिरले. शेवटी माझ्यापाशी येऊन बसले आणि माझी पाठ मळायला लागले. शेजारच्या बांधावरून सखारामनं बघितलं. सखाराम मेंढपाळ, त्याचा मेंढरांचा वाडा आमच्या वावराला लागूनच आहे, आणि गप्प बसणं त्याला माहीत नाही.

"कारभारी, यंदा गाढवाचा पोळा का?"

"ज्यानं ओझं वाहिलं त्याचा पोळा," आबा म्हणाले. "तू तुझी मेंढरं बघ."

माझ्या आयुष्यातलं कौतुक म्हणाल तर ते एवढंच. नाही म्हणायला रविवारी शहरातून पाहुणे येतात. दीपमालाच्या नवऱ्यानं फाटकावर रंगीत पाटी लावली आहे, तिच्यावर फार्म असं लिहिलंय. पाहुणे बदकांना पाव टाकतात, माझ्या डोळ्यांवर गॉगल चढवून फोटो काढतात, किती क्यूट म्हणतात आणि ऊन लागायच्या आत निघून जातात. माझी पाठ कुणी बघत नाही. फोटोत ती चांगली दिसत नाही.

आता सगुणाबद्दल सांगायला हवं, कारण सगळा तंटा तिच्यापाशी येऊन थांबतो.

सगुणा ही म्हैस. तिच्या दोन्ही डोळ्यांवर पांढरं आलं आणि तिला दिसेनासं झालं. तिच्या गवळ्यानं दूध आटेपर्यंत तिला ठेवलं, मग एका बाजाराच्या दिवशी झाडाला बांधलं आणि विसरून गेला. असं विसरायला फार चांगली स्मरणशक्ती लागते. दीपमालानं तिला आमच्याकडं आणलं, पण नव्या जागेत ती पाऊल उचलेना. चारी पाय रोवून उभी. बादली तोंडापुढं धरली की शिंगानं उलथून टाकायची. तिला हौदात तोंड बुडवून प्यायची सवय, आणि हौद गोठ्यापासून लांब, वावराच्या खालच्या टोकाला. दाव्यानं ओढलं तर ती फतकल मारून बसायची. म्हैस एकदा बसली की तिला उठवायला अख्खी भावकी बोलवावी लागते.

मी तहानेनं हौदाकडं निघालो होतो. तिच्यापुढून गेलो. तिनं नाक उचललं, फुरफुरली आणि माझ्या मागल्या अंगाला नाक टेकवून निघाली. मी थांबलो, ती थांबली. मी चाललो, ती चालली. माझं चौथं पाऊल खरडतं, त्या आवाजावर तिनं मला पकडून ठेवलं असावं. आबा गोठ्याच्या दारात तोंड उघडं टाकून बघत राहिले. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ मी पुढं आणि सगुणा मागं.

मला काही तिचा लळा नव्हता, खरं तेच सांगतो. ती फार सावकाश चालते. मध्येच उभी राहते. मी पुढं गेलो तर हंबरते, मग माणसं धावत येतात आणि शिव्या मला पडतात. तिचं शिंग माझ्या ढुंगणात किती वेळा घुसलं त्याला गणती नाही. पण ती माझ्यामागं न विचारता येते. भट्टीवर माझ्या मागं नेहमी काठी असायची. मागं कुणी भरवशानं चालत आहे, ही गोष्ट मला नवी होती.

वावराच्या वरच्या अंगाला शेततळं आहे. त्यात प्लास्टिकचा कागद अंथरलेला, त्यावर शेवाळ धरलेलं. त्यात उतरलेल्या जनावराचा पाय ठरत नाही आणि त्याला वर येता येत नाही. भोवती तारेचं कुंपण आहे, पण ते एका बाजूनं कधीचंच मोडलेलं. वरून वारा आला की पाण्याचा वास खाली येतो आणि सगुणाची मान तिकडं वळते. मला तिकडं जायचं नसायचं, म्हणून मी हलायचो नाही, आणि मी हलत नाही म्हटल्यावर तीही जायची नाही. दीपमाला दर महिन्याला म्हणायची, "आबा, ते कुंपण नीट करून घ्या." आबा म्हणायचे, "पैलवान हाय की." कुंपण तसंच राहिलं. एका लंगड्या गाढवाच्या जिवावर एवढा मोठा माणूस निर्धास्त झाला. तुम्ही जनावर पाळाल तेव्हा असं करू नका, मित्रांनो.

मग आमच्या डॉक्टरांची बदली झाली. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. दवाखान्याच्या दाराला कुलूप लागलं आणि पायरीवर शेळ्या बसायला लागल्या. तालुक्यातल्या जनावरांच्या दवाखान्यांचे साहेब तुम्हीच, म्हणून दीपमालानं तुमच्याकडं अर्जावर अर्ज केले. दरवेळी उत्तर एकच, प्रस्ताव वर पाठवला आहे.

आमच्याकडं एक जर्सी गोऱ्हा होता. दूध देणार नाही, नांगर ओढणार नाही, म्हणून कुणीतरी रात्रीतून आमच्या फाटकाला बांधून गेलेला. त्यानं एका सकाळी ओला लसूणघास अधाशासारखा खाल्ला आणि त्याचं पोट फुगलं. डाव्या कुशीला नुसता नगारा. दीपमालानं त्याला टेम्पोत घातलं आणि दवाखान्यावर नेलं. कुलूप. फोन लावला तर दुसऱ्या गावचे डॉक्टर म्हणाले, मी तिसऱ्या गावात आहे. गोऱ्हा टेम्पोतच गेला, दवाखान्याच्या दारात. दीपमाला त्याला परत घेऊन आली तेव्हा तिच्या कंपनीच्या साडीला सगळा फेस लागलेला होता, आणि ती रडत नव्हती. तिच्या न रडण्याचीच आबांना भीती वाटली असावी. 

संध्याकाळी सखाराम आला. त्याच्याही मेंढ्या त्या महिन्यात बिनऔषधाच्या गेल्या होत्या.

"वहिनी, अर्ज लई झाले. कागदानं त्यांच्या कानावरची माशी पण हलत नाय. साहेबाच्या हापिसावर गाढव न्या. गळ्यात पाटी अडकवा. पेपरात फोटू आला की बघा कसे हलतेत."

"पैलवानाला कामून नेता?" आबा म्हणाले. "त्याच्यावाचून सगुणा पाण्याला जात नाय."

"सकाळी पाणी दावून नेतो, संध्याकाळच्या आत वापस. तुम्ही पण ना, कारभारी, गाढवाला बी माहेरी धाडल्यासारखं करता."

दीपमालानं पुठ्ठा आणला आणि स्वतःच्या हातानं मोठ्या अक्षरात लिहिलं, मी नवीन डॉक्टर. सगळे हसले. तीही हसली, गोऱ्हा गेल्यापासून पहिल्यांदा.

मी तिच्यावर रागावलो होतो, आणि आज इतक्या दिवसांनी ते बोलून टाकतो. तिनं माझ्या जखमा धुतल्या, माझ्या पायाखाली पोतं अंथरलं. जगात मला शिवी न देणारं एखादं माणूस असेल तर ते हीच, असं मला वाटत होतं. पण कुणाचा पाणउतारा करायचा म्हटल्यावर तिलाही गाढवच आठवलं. ज्या डॉक्टरनं माझा पाय टेकता केला, त्याच्यासारख्याच्या खुर्चीला माझ्या नावानं शिवी. पुठ्ठा हलका होता. भट्टीवरच्या विटांपुढं काहीच नाही. तरी तो मला जड गेला.

तुमच्या दारात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, साहेब, पण या मुलांना माहीत नाही. गावची पाच-पन्नास माणसं होती. मोबाइल वर करून शूटिंग चाललं होतं. तुम्ही गाडीतून उतरलात.

"हे काय चालवलंय?"

"डॉक्टर मागतोय, साहेब," दीपमाला म्हणाली.

"प्रस्ताव वर गेलेला आहे, मॅडम."

"वर आमचा गोऱ्हा पण गेलाय. त्याची आणि प्रस्तावाची गाठ पडली तर बघा."

लोक हसले. तुमचा चेहरा उतरला. तुम्ही माझ्याकडं बोट केलंत आणि म्हणालात, "मुक्या जनावराला उन्हात उभं करून त्याचा असा वापर करणं ही क्रूरता आहे. गुन्हा होतो हा."

सखाराम मागून बोलला, "साहेब, मुकं हाय म्हणूनच तुमचं बरं चाललंय. बोलायला लागलं तर पळता भुई थोडी हुईल."

नेमका त्याच वेळी मी ओरडलो. मला तहान लागली होती, दुसरं काही नाही. पण सगळं आवार हसून लोळलं, शिपाईसुद्धा हसला. तुम्ही आत गेलात, फोन केलात आणि थोड्या वेळानं पोलिसांची गाडी आली.

हवालदार माझ्याभोवती फिरून लिहीत होता आणि लिहिलेलं तोंडानं म्हणत होता. मुद्देमाल, गाढव, नर, एक. डावा कान कापलेला. मागील पाय अधू. पाठीवर मोठे जुने व्रण. ते ऐकून तुम्ही मान डोलावलीत. मित्रांनो, तुम्हाला कळलं का काय झालं ते? भट्टीवाल्यानं माझी पाठ सोलली, कान कापला, आणि तो सगळा पुरावा दीपमालाच्या नावावर चढला. जिनं त्या पाठीवर औषध लावलं ती आरोपी झाली. ती ओरडून सांगत होती, "अहो, हे जुनं आहे, डॉक्टरांना विचारा." हवालदार बिचारा म्हणाला, "कुठल्या डॉक्टरांना विचारू, ताई?"

मला कोंडवाड्यात नेलं. चार भिंती, वर पत्रासुद्धा नाही. आत एक मोकाट वळू आणि दोन हडकुळ्या कालवडी. हौद होता, त्यात कोरडी पानं. कोंडवाड्याच्या राखणीला मुनीरभाई असतात. त्यांनी माझी जीभ बघितली आणि घरून कॅन आणून माझ्यापुढं पाणी ओतलं. साहेब, माझी काळजी तुम्हाला होती म्हणता ना, ते पाणी मुनीरभाईंच्या घरचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा पहिल्या एसटीनं आले, खांद्यावर मक्याचा पेंढा.

"मुनीरभाई, ह्याला सोडा. पायजे तर मला बांधा हितं."

"चाचा, तुमको बांध के रख्या तो घास कोन लाएंगा? मेरे हात में कुछ नई. साब का कागद लाव."

"साहेबाकडूनच आलोय. म्हणलं, घरी आंधळी म्हैस हाय, ह्याच्यावाचून पाण्याला जात नाय. तर म्हणतेत, म्हशीला हाताला धरून न्या."

"तो ले जाव ना."

"ती जाती का? सूनबाई पुढून वढती, मी मागून ढकलतो. फतकल मारून बसली. बादली ठिवली तर उलथून टाकली."

"तुम गधे जैसा चलो उसके आगे."

"चाललो की," आबा खाली मान घालून म्हणाले. "पाय घासत चाललो, लंगडत. समदी वस्ती हसली मला. दोन पावलं आली अन् थांबली. तिला कळतं, गाढव कोन अन् माणूस कोन."

"हमारे साब को उतना भी नई समझता," मुनीरभाई म्हणाले. आबांनी फाटकाच्या गजांतून मका आत सारला. त्यांचा हात माझ्या नाकाला लागला. मी मका खाल्ला नाही. वळूनं खाल्ला.

आबा पुढच्या दिवशीही आले, त्याच्या पुढच्याही. त्यानंतर आले नाहीत. मुनीरभाई रस्त्याकडं बघून दोनदा म्हणाले, "आज चाचा नई आए." मला वाटलं, विसरले. माणसं किती सफाईनं विसरतात ते मी सगुणाच्या गवळ्याकडून शिकलो होतो. पण आबा विसरले नव्हते.

दीपमालानं वकील केला, हुकूम मिळवला आणि मला न्यायला ती सखारामला घेऊन आली. टेम्पोत सखाराम माझ्याजवळ बसला होता. फुलंब्रीच्या रस्त्याला लागेपर्यंत तो माझ्या गळ्यातलं दावं उगाच सैल करत होता. मग माझ्याशीच बोलल्यासारखा बोलायला लागला.

"पैलवाना, तुझी सगुणा तळ्यात पडली रे. भर दुपारी. कारभारी सकाळीच तुझ्याकडं आलेले, वहिनी कामाला. तहानलेली, तिनं खुंटा उपाटला. वारा वरून होता. कुंपणाच्या त्या मोडक्या बाजूनं गेली सरळ. मेंढरं घेऊन मी तिथून चाललो होतो म्हणून दिसली, नायतर संपलीच होती. नाक तेवढं पाण्याच्या वर. दोर बांधून ट्रॅक्टरनं वढली. भाईर आली, पर उभी नाय ऱ्हायली."

पुढं बसलेल्या दीपमालानं खिडकीकडं तोंड फिरवलं.

घरी पोचलो तेव्हा आबा तळ्याच्या कुंपणाला तार बांधत होते. हात रक्तानं भरले होते, पकड नीट बसत नव्हती, तरी बांधत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा तारेकडं बघितलं.

"आता कशाला, आबा," दीपमाला म्हणाली.

"आता तरी नको का?" आबा म्हणाले. "मीच ह्याच्या जिवावर ऱ्हायलो. गाढवाच्या जागी गाढव बरं व्हतं, माझ्या जागी मी नव्हतो."

सगुणा गोठ्यात पडलेली आहे. मी गेलो तेव्हा माझं पाऊल ऐकून तिनं मान उचलली. पुढचे दोन पाय रोवले, अंग वर ढकललं. मागचं अंग उठलं नाही. पुन्हा ढकललं, पुन्हा नाही. मग ती तशीच पडून माझ्या पायाला नाक लावून हुंगत राहिली, खात्री करत असल्यासारखी. पाणी आता ती बादलीतून पिते, कारण दुसरा इलाज नाही.

मित्रांनो, मला तुम्हाला उपदेश करायचा नाही. तुम्हाला तो रोज मिळतो. पण कुत्रं, मांजर, ससा, काहीही घरी आणायचा हट्ट धराल तेव्हा त्याला खायला काय लागतं एवढंच विचारू नका. तळ्याचं कुंपण धड आहे का ते विचारा. जनावरांचा डॉक्टर गावात आहे का ते विचारा. प्रेम करणारी माणसं आमच्या घरात कमी नव्हती. प्रेमानं पोटाचा फुगा उतरत नाही आणि मोडकी तार सांधली जात नाही. आणि कुणाला शिवी द्यायची असेल तर तुमच्यातलंच एखादं नाव शोधा. पुष्कळ सापडतील.

साहेब, आता तुमच्याशी शेवटचं. दीपमालावरचा गुन्हा अजून तसाच आहे. ती तारखेला जाते, कंपनीत रजा टाकून. त्या खटल्यात ज्याचा छळ झाला म्हणता तो मी, आणि मला कुणीच काही विचारलं नाही, म्हणून हे सगळं मी न विचारता सांगितलं. गुन्ह्याचं काय करायचं ते तुमचं कोर्ट बघेल. माझं काम वेगळं आहे.

म्हैस एका कुशीवर पडून राहिली की तिच्या खालच्या अंगाला जखमा पडतात. आबा आणि दीपमाला तिची कूस पालटतात, सखाराम पाय चोळतो. तिचं हाड मोडलंय की नुसता मार आहे, हे कुणालाच सांगता येत नाही. हाड मोडलं असेल तर तिचे हाल थांबवायला हवेत. मार असेल तर ती उठेल, पण लवकर काही केलं तरच उठेल. यातलं कोणतं खरं, हे सांगायला डॉक्टर लागतो. आज सकाळी दीपमाला पुन्हा दवाखान्यावर जाऊन आली. कुलूप आहे. दुसऱ्या गावचे डॉक्टर अजून तिसऱ्याच गावात आहेत. तुम्ही फोनवर तिला पुन्हा म्हणालात, प्रस्ताव वर गेला आहे.

वर कुठं गेला, ते मला नको. सगुणा खाली पडलीय. डॉक्टर कोणत्या दिवशी येणार, तेवढा दिवस सांगा.